बुद्धिबळाचा समास कोणता?

‘बुद्धिबळ’ या शब्दाचा विग्रह कसा करायचा? ‘बुद्धीचे बळ’ म्हटलं तर तो षष्ठी तत्पुरुष. ‘बुद्धी हेच बळ’ म्हटलं तर ‘विद्याधना’च्या पंक्तीतला कर्मधारय. आणि ‘बुद्धी आणि बळ’ असं कुणी म्हटलं तर सरळ द्वंद्व. परीक्षेत यांपैकी एकाच उत्तराला गुण मिळतील. पण गेली पाऊणशे वर्षं यंत्राला पटावरचे खेळ शिकवणारे गणिती आणि संगणकशास्त्रज्ञ ज्या प्रश्नाशी झुंजत आले, तो प्रश्न मला या विग्रहातच सापडतो. यंत्र जिंकतं ते बुद्धीने की बळाने, आणि या दोन गोष्टी वेगळ्या काढता येतात का, हाच तो प्रश्न.

हा शब्द मराठीचा आणि तिची बहीण कोकणीचा, हे आधी लक्षात घेतलं पाहिजे. हिंदी-गुजरातीत शतरंज-शेतरंज आहे, कानडी-तेलुगूत चदुरंग-चदरंगम, बंगालीत दाबा. शतरंज मूळचा आपलाच. संस्कृत ‘चतुरंग’ म्हणजे हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ अशा चार अंगांची सेना. बाणभट्टाच्या सातव्या शतकातल्या ‘हर्षचरिता’त हा शब्द पटाच्या संदर्भात येतो. इराणात गेल्यावर त्याचा चत्रंग झाला, अरबांनी शत्रंज केला, स्पॅनिशमध्ये आखेद्रेस आणि पोर्तुगीजमध्ये शाद्रेस. फिरून हिंदुस्थानात आला तो ‘शतरंज’ या परक्या वेषात. मराठीने त्याला खेळासाठी घेतलं नाही, पण दारातून परतही पाठवलं नाही. पटासारखी चौकडी असलेल्या जाजमाला फारसीत ‘शत्रंजी’ म्हणत, ती आपली सतरंजी. म्हणजे मराठी माणूस शतरंजावर बसून बुद्धिबळं खेळत आला आहे.

‘बुद्धिबळं’ असं अनेकवचन मी मुद्दाम वापरलं. जुनी माणसं ‘बुद्धिबळं खेळायला बसलेत’ असंच म्हणत. हे अनेकवचन मला फार बोलकं वाटतं, कारण त्यातून चौथा विग्रह निघू शकतो. संस्कृतात ‘बल’ म्हणजे नुसती ताकद नव्हे. बल म्हणजे सैन्यसुद्धा. ‘चतुरंगबल’ हा तर सेनेसाठीचा नेहमीचा शब्द, आणि आजही हिंदीत ‘सुरक्षा बल’ म्हणतात ते याच अर्थाने. मग बुद्धिबळ म्हणजे बुद्धीने चालवायचं सैन्य, आणि बुद्धिबळं म्हणजे त्या सैन्याचे मोहरे. मला हा विग्रह पटतो. चतुरंगातली ‘अंगं’ गेली आणि ‘बल’ राहिलं, असं मानलं तर जुन्या शब्दाचा धागाही तुटत नाही.

समासाचा विषय निघालाच आहे, तर पाणिनीला नमस्कार करून पुढे जाऊ. अष्टाध्यायीच्या दुसऱ्या अध्यायात एक सूत्र खास जुगाऱ्यांच्या बोलीसाठी आहे. फासा किंवा सोंगटीची शलाका उलटी पडून डाव हातचा गेला, की खेळणारे ‘अक्षपरि’, ‘शलाकापरि’ असं म्हणत. एकाच फाशाने घात केला तर ‘एकपरि’. हा अव्ययीभाव समास. खेळातल्या हरण्याला व्याकरणात स्वतंत्र सूत्र मिळावं, याचं मला मनापासून अप्रूप वाटतं. पटाभोवती बसणाऱ्यांची भाषा फार काटेकोर असते आणि काटेकोर भाषेतूनच पुढे शास्त्र उगवतं, याचा हा एक जुना पुरावा आहे.

युरोपातल्या अनेक भाषांनी या खेळाला नाव दिलं ते राजावरून. फारसी ‘शाह’ म्हणजे राजा. राजावर मारा आला की खेळाडूने ‘शाह!’ म्हणून सावध करायचं, तो आपला ‘शह’. तोच शब्द लॅटिनमध्ये ‘स्कॅकस’, जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेक’ आणि इंग्रजीत ‘चेक’ झाला. त्या ‘चेक’चं जुनं अनेकवचन म्हणजे ‘चेस’. जर्मनीत ‘शाख’, रशियात ‘शाखमाती’, म्हणजे अख्खा शहमातच. फ्रेंचमध्ये चौकडीच्या पटाला ‘एशेकिए’ म्हणत; तशाच चौकडीच्या कापडावर इंग्लंडच्या राजाचा हिशेब मांडला जाई, म्हणून तिथल्या खजिन्याचं नाव ‘एक्स्चेकर’. बँकेतला चेकही याच घराण्यातला. धनादेशावर सही करताना आपण इराणच्या शहाचं नाव घेत असतो.

‘मात’बद्दल दोन मतं आहेत. कुणी ते अरबी ‘माता’, म्हणजे ‘मेला’, यावरून काढतात. कुणी फारसी ‘मात’, म्हणजे निरुपाय झालेला, थक्क होऊन थांबलेला, यावरून. मी दुसऱ्या बाजूचा आहे. पटावर राजाला कधीच मारत नाहीत. त्याचे मार्ग संपतात तेव्हा डाव संपतो. मराठीनेही हाच अर्थ जपला आहे. आपण संकटावर ‘मात’ करतो तेव्हा संकटाला ठार करत नाही, त्याला वाट उरू देत नाही. गणिताच्या भाषेत ‘मात’ची व्याख्या अगदी अशीच आहे: राजावर शह आहे आणि नियमात बसणाऱ्या खेळींची संख्या शून्य आहे.

घोड्याच्या चालीचं वर्णन करताना आपण म्हणतो, घोडा अडीच घरं चालतो. ‘अडीच’ हा शब्द ‘अर्धतृतीय’ वरून आला आहे. ‘अर्धतृतीय’चं प्राकृतात ‘अड्ढाइज्ज’ झालं आणि मग अडीच. ‘तिसरं ज्यात अर्धं आहे असं’ हा त्याचा अर्थ. पहिले दोन पूर्ण, तिसऱ्याचं अर्धं. दोन घरं सरळ जाऊन तिसऱ्याला कडेला वळणाऱ्या घोड्यासाठी याहून नेमकं विशेषण सापडणं कठीण. घराची बाजू १ धरली तर घोडा प्रत्यक्षात ५ चं वर्गमूळ, म्हणजे सुमारे २.२४ इतकं अंतर कापतो. भूमितीत तो दोन आणि तीनच्या मध्येच कुठेतरी उतरतो आणि बोलीने तेवढं अचूक पकडलं आहे.

याच अडीच घरांच्या चालीतून पटाच्या गणिताचा एक फार जुना प्रश्न निघाला. एकट्या घोड्याने प्रत्येक घरावर एकदाच पाय ठेवून सगळा पट फिरायचा. नवव्या शतकात काश्मीरच्या रुद्रटाने ‘काव्यालंकारा’त याचं उत्तर चक्क श्लोकात दिलं. अर्ध्या पटाच्या बत्तीस घरांत एकेक अक्षर लिहायचं. ओळीने वाचलं तरी श्लोक तोच आणि घोड्याच्या चालीने वाचलं तरी श्लोक तोच. अलंकारशास्त्रात याला ‘तुरगपद’ म्हणतात. पुढे वेदान्तदेशिकांनी ‘पादुकासहस्रा’त आणखी अवघड गोष्ट साधली: एक श्लोक घोड्याच्या चालीने वाचला की दुसराच श्लोक उभा राहतो. युरोपात ऑयलरने या प्रश्नाला गणिताचं रूप दिलं ते १७५९ मध्ये. आपल्याकडे त्या आधी नऊशे वर्षं तो कवींच्या हाती होता, आणि कवींनी तो अक्षरांत सोडवला होता. ‘तुरगपदा’तल्या ‘पदा’चे पाऊल, घर, शब्द असे तिन्ही अर्थ इथे एकदम लागू पडतात.

बुद्धी आणि बळ यांची फारकत पहिल्यांदा स्पष्ट दिसते ती या घोड्याच्या फेरीतच. १८२३ मध्ये वार्न्सडॉर्फ नावाच्या जर्मन गृहस्थांनी एक नियम सांगितला: जिथून पुढे जायला सर्वांत कमी वाटा आहेत, त्या घरात आधी जा. अडचणीची घरं आधी उरकली की सोयीची घरं शेवटी आपोआप मिळतात. एवढ्या एका वाक्याने कागद-पेन्सिल घेतलेला माणूसही बहुतेक वेळा फेरी पूर्ण करतो. ही बुद्धी. उलट, घोडा निघाला त्या घरी परत येण्याच्या बेतात थांबतो अशा फेऱ्या एकूण किती, हे मोजायचं तर युक्ती फार दूर नेत नाही. ब्रेंडन मॅके यांनी १९९७ मध्ये संगणकावर ते मोजलं: १,३२,६७,३६,४४,१०,५३२. तेरा लाख कोटींहून जास्त. मग प्रश्न आला, घोड्याच्या पावलांना १ ते ६४ आकडे दिले तर आडव्या, उभ्या आणि दोन्ही कर्णांच्या बेरजा २६० येतील अशी एखादी फेरी आहे का? २००३ मध्ये संगणक दोन महिने अखंड चालवल्यावर उत्तर आलं, अशी एकही फेरी नाही. कर्ण सोडून बाकी सगळं जुळणाऱ्या १४० आहेत. या उत्तराला सुंदर सिद्धता नाही. सगळ्या शक्यता तपासल्या, एवढाच पुरावा. हे निखळ बळ.

अशा तपासणीला इंग्रजीत ‘ब्रूट फोर्स’ म्हणतात. ‘ब्रूट’ म्हणजे पशू. शब्दशः पशुबळ! बुद्धिबळाच्या अभ्यासात त्याच्या नेमका विरुद्ध शब्द तांत्रिक संज्ञा म्हणून रूढ व्हावा, ही गोष्ट मराठी कानाला जितकी टोचते तितकी इंग्रजी कानाला टोचत नसणार.

या अभ्यासाचा पाया घालणाऱ्यांत जर्मन गणिती झेर्मेलो येतात. १९१३ च्या त्यांच्या निबंधाने दाखवलं की बुद्धिबळासारख्या खेळात तीनच शक्यता असतात: पांढऱ्याला हमखास जिंकता येतं, काळ्याला हमखास जिंकता येतं, किंवा दोघांनाही बरोबरी राखता येते. त्या निबंधाच्या मथळ्यात ‘शाख’ आहे, म्हणजे शाह आहेच. तीनपैकी कोणती शक्यता खरी, हे मात्र बुद्धिबळाबाबत अजून कुणी सिद्ध केलेलं नाही.

क्लॉड शॅनन यांनी १९५० मध्ये संगणकाला बुद्धिबळ कसं शिकवावं यावर लेख लिहिला. शक्य डावांची संख्या त्यांनी १ वर १२० शून्यं एवढी काढली आणि हिशेब मांडला: सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात एक डाव तपासणाऱ्या यंत्रालाही पहिली खेळी ठरवायला १ वर ९० शून्यं इतक्या वर्षांहून अधिक काळ लागेल. म्हणून त्यांनी दोन मार्ग सुचवले. ‘अ’ प्रकार: ठरलेल्या खोलीपर्यंत सगळ्या खेळी तपासायच्या. ‘ब’ प्रकार: चांगला खेळाडू करतो तसं, मोजक्या आशादायक खेळी निवडून त्यांचाच खोलवर विचार करायचा. शॅनन यांचा कल दुसऱ्याकडे होता. ‘अ’ म्हणजे बळ आणि ‘ब’ म्हणजे बुद्धी हे वेगळं सांगायला नको. आपल्याकडे ‘शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ’ म्हणतात. त्या काळच्या संशोधकांचीही हीच अपेक्षा होती.

त्याच दशकात आर्थर सॅम्युअल आयबीएममध्ये यंत्राला ‘चेकर्स’ शिकवत होते. सोंगट्या तिरप्या सरकवून समोरच्याच्या सोंगटीवरून उडी मारायचा हा खेळ. नाव पुन्हा त्या चौकडीवरून, म्हणून शाहवरूनच. १९५९ च्या त्यांच्या लेखाच्या मथळ्यात ‘मशीन लर्निंग’ हे शब्द आहेत. ही संज्ञा रूढ झाली ती तिथून. आज ज्या शब्दाभोवती अवघं जग फिरतंय, तो जन्मला शहाच्या पटाशेजारी. सॅम्युअल यांनी शिकण्याच्या दोन तऱ्हा सांगितल्या होत्या: पाहिलेल्या स्थिती पाठ करणं आणि अनुभवावरून सामान्य नियमाचं वजन बदलत जाणं. आपल्या शाळांतला घोकंपट्टी आणि समज यांचा जुना झगडाच जणू. त्यांचं यंत्र स्वतःशीच खेळून सुधारत होतं, ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरणार होती.

पण पुढची चाळीस वर्षं बळाची ठरली. मे १९९७ मध्ये न्यूयॉर्कला डीप ब्लू या संगणकाने बुद्धिबळाचे जगज्जेते कास्पारोव्ह यांना ३½–२½ ने हरवलं, तेव्हा ते यंत्र सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासत होतं. २००७ मध्ये जोनाथन शेफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अठरा वर्षांच्या गणनेनंतर चेकर्स हा खेळच सोडवून टाकला: दोघेही न चुकता खेळले तर बरोबरी. शॅनन ज्याला कमी लेखत होते त्या ‘अ’ प्रकाराने बाजी मारली.

बळ थकलं ते ‘गो’च्या पटावर. चिनी नाव वेईची, म्हणजे वेढा घालण्याचा खेळ. जपानीत इगो, कोरियन लोक बादुक म्हणतात. १९ बाय १९ रेषांच्या पटावरच्या नियमात बसणाऱ्या स्थितींची संख्या १७१ आकडी आहे. इथे राजा नाही, त्यामुळे शहही नाही. पण शहासारखा एक शब्द आहे: ‘आतारी’. एखाद्या गोट्यांच्या समूहाचं एकच मोकळं घर उरलं, पुढच्या खेळीत तो उचलला जाणार, की ती आतारी. क्रियापदाचा मूळ अर्थ ‘नेमका लागणे’. १९७२ मध्ये कॅलिफोर्नियात नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी यांनी व्हिडिओ गेमची कंपनी काढली, तिला हेच नाव दिलं: अटारी. डीपमाइंड या लंडनच्या संस्थेने आपल्या यंत्राला पहिल्यांदा नावारूपाला आणलं ते अटारीचे खेळ शिकवून, २०१३ मध्ये. त्यानंतर तीच संस्था वळली गोकडे, म्हणजे आतारीच्या मूळ घराकडे. शब्दाने कंपनीची पाटी होऊन जग पाहिलं आणि त्याच्यामागून संशोधन त्याच्या माहेरी पोचलं.

मार्च २०१६ मध्ये सोलला डीपमाइंडच्या अल्फागो या यंत्राने गोचे नामवंत खेळाडू ली सेडोल यांना ४–१ ने हरवलं. दुसऱ्या डावातल्या यंत्राच्या ३७ व्या खेळीने समालोचक गोंधळले. अनेकांना ती चूक वाटली. माणूस अशी खेळी करण्याची शक्यता दहा हजारांत एक, असा खुद्द यंत्राचाच अंदाज होता. तरी त्याने ती केली आणि डाव जिंकला. पुढच्या वर्षी आलेल्या अल्फाझीरोला नियमांखेरीज काहीच सांगितलं नव्हतं. सॅम्युअल यांच्या यंत्रासारखं ते स्वतःशीच खेळून शिकलं. २०१८ च्या शोधनिबंधातले आकडे पाहा. बुद्धिबळात स्टॉकफिश हे नावाजलेलं इंजिन सेकंदाला सुमारे ६ कोटी स्थिती तपासत होतं, अल्फाझीरो सुमारे ६० हजार. हजारपट कमी, तरी ते जिंकलं. बुद्धी जिंकली, असं तेव्हा सगळीकडे लिहून आलं.

मला तो निष्कर्ष अपुरा वाटतो. त्या बुद्धीच्या सरावासाठी नऊ तासांत ४ कोटी ४० लाख डाव खेळले गेले होते आणि ते खेळायला ५ हजार खास प्रोसेसर लावले होते. बळ नाहीसं झालं नव्हतं. सामन्याच्या वेळेतून निघून सरावाच्या वेळेत गेलं होतं. पहाटे तालमीत जोर काढणाऱ्या पैलवानाची कुस्ती दोन मिनिटांत संपली, म्हणून त्याने ती नुसत्या युक्तीने मारली असं आपण म्हणत नाही.

‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ या नावातल्या ‘कृत्रिम’वरही थोडं थांबलं पाहिजे. आज हा शब्द आपण खोट्याच्या जवळ नेऊन ठेवला आहे: कृत्रिम हसू, कृत्रिम टंचाई. मूळ अर्थ एवढाच की कृतीने निर्माण झालेलं, घडवलेलं. धर्मशास्त्रात पुत्रांचे बारा प्रकार सांगितले आहेत, त्यांत एक ‘कृत्रिम’ पुत्र आहे. तो पोटी आलेला नसतो, त्याला पुत्र केलेलं असतं, पण तो खोटा पुत्र नव्हे. घरात त्याला स्थान आहे. ३७ व्या खेळीला कृत्रिम म्हणायचं ते या जुन्या अर्थाने. ती घडवलेल्या बुद्धीची खेळी होती आणि पटावर पूर्ण खरी होती. बुद्धी हा शब्द ‘बुध्’ धातूवरून येतो, त्याचा अर्थ जागं होणं, लक्षात येणं. यंत्र जागं होतं की नाही यावर बोलायला मी तयार नाही, पण पटावरचं काही त्याच्या ‘लक्षात येतं’, एवढं म्हणायला माझी जीभ अडखळत नाही.

हरलेल्या स्टॉकफिशने मग काय केलं, ते या सगळ्या कथेत मला सर्वांत आवडतं. जपानी शोगी या खेळाच्या संगणकांसाठी यू नासू यांनी २०१८ मध्ये एक छोटं न्यूरल नेटवर्क रचलं होतं. एका खेळीत पटावरचे एक-दोन मोहरेच हलतात, म्हणून सगळा हिशेब पुन्हा न मांडता तेवढाच भाग बदलायचा, ही त्यातली हुशारी. त्यामुळे ते साध्या प्रोसेसरवरही कमालीचं वेगाने चालतं. २०२० मध्ये स्टॉकफिशने ते स्वीकारलं. आता कोट्यवधी स्थिती धुंडाळायचं जुनं बळ तसंच राहिलं आणि प्रत्येक स्थितीची पारख करायला शिकलेली बुद्धी आली. इंजिनाची ताकद एकदम वाढली. माणसांनी वर्षानुवर्षं हाताने लिहिलेले पारखीचे नियम काही काळ सोबत होते, २०२३ मध्ये तेही काढून टाकले. शोध मात्र ठेवला.

नासू यांच्या या रचनेचं नाव ‘एन-एन-यू-ई’. हे लघुरूप मुद्दाम उलट्या क्रमाने जुळवलं आहे, कारण जपानीत त्याचा उच्चार ‘नुए’ होतो. नुए म्हणजे ‘हेइके मोनोगातारी’ या मध्ययुगीन कथेतला प्राणी: तोंड माकडाचं, धड तानुकी या रानकुत्र्यासारख्या जनावराचं, पाय वाघाचे आणि शेपूट सापाची. हा प्राणी म्हणजे एक समासच. मराठी व्याकरणात दोन्ही पदांना सारखं महत्त्व असेल तर द्वंद्व, आणि ती पदं मिळून त्यांच्या बेरजेहून थोडं अधिक सुचवत असतील तर समाहार द्वंद्व. मीठभाकर म्हटल्यावर नुसतं मीठ आणि नुसती भाकरी एवढंच कुणाच्या मनात नसतं. स्टॉकफिशमधलं बुद्धिबळ मी या समासात घालतो. माणसाच्या खेळातलं बुद्धिबळ मात्र अजून षष्ठी तत्पुरुषच ठेवावं असं मला वाटतं, कारण तिथे बळ कुठून येतं हे अद्याप आपल्याला बुद्धीकडूनच विचारावं लागतं.